जिनिंगला विकलेल्या जीपीएल प्रोग्रॅमचा सोर्स कोड द्यावाच लागतो का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तुम्ही सांगता ते थोडक्यात असे : जीपीएल, म्हणजे प्रोग्रॅम वापरण्याची, बदलण्याची आणि त्याच अटींवर पुढे देण्याची मोकळीक देणारा परवाना, त्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली मिळणारा हिशेबाचा आणि बिलांचा एक प्रोग्रॅम तुम्ही घेतला, त्याचे मेनू मराठीत केले, वजनकाट्यावरचे वजन थेट पावतीत उतरवणारा भाग त्याला जोडला आणि वणी-मारेगाव भागातल्या तीन जिनिंगना (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांना) तो स्वतःच्या नावाने विकला. करारात ‘दुसऱ्या संगणकावर टाकू नये’ आणि ‘दरवर्षी परवाना शुल्क भरावे’ अशी दोन कलमे घातली. आता त्यातल्या एका जिनिंगमालकाने तो प्रोग्रॅम आपल्या व्याह्याच्या जिनिंगमध्ये टाकून दिला आणि वर तुमच्याकडे सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला, वाचता-बदलता येणारा मूळ मजकूरही, मागितला. तुमचे विचारणे असे की कोड द्यावाच लागेल का, तो साऱ्या जगाला द्यावा लागेल का, व्याह्याकडून पैसे वसूल करता येतील का, आणि अमेरिकेत लिहिलेला कागद आपल्याकडे लागू करायला येणार कोण.

मी यवतमाळ जिल्ह्यात वकिली करतो. त्याआधी काही वर्षे प्रोग्रॅम लिहिण्याचेच काम केले, त्यामुळे पतसंस्था, कृषी सेवा केंद्रे आणि जिनिंग यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या मुलांचे करार माझ्या टेबलावर नेहमी येतात. तुमचे करारपत्र आणि मूळ प्रोग्रॅमच्या फाइली मी पाहिलेल्या नाहीत. म्हणून जिथे उत्तर कागदावर किंवा कोडच्या रचनेवर अवलंबून आहे, तिथे मी तसे स्पष्ट म्हणेन.

आधी मुळातला गैरसमज दूर करू. तुम्ही लिहिले आहे की ‘प्रोग्रॅम फुकट आणि मुक्त होता, म्हणजे त्यावर कोणाचाच हक्क नव्हता.’ इथेच गाडी रुळावरून उतरली. आपल्याकडे बहिणीने भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले की त्या जमिनीवर तिचे काही उरत नाही. कॉपीलेफ्ट, म्हणजे ‘मिळालेले स्वातंत्र्य पुढच्यालाही द्या’ अशी जीपीएलची पद्धत, हे असे हक्कसोडपत्र नव्हे. कॉपीराइटची हक्कसोड आपल्या कायद्यात वेगळी आहे; कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम २१ प्रमाणे लेखक कॉपीराइट निबंधकाला नोटीस देऊन किंवा जाहीर सूचना काढून आपला हक्क सोडू शकतो. जीपीएलखाली प्रोग्रॅम देणाऱ्याने तसे काहीही केलेले नसते. उलट, त्याने हक्क मुठीत घट्ट धरून ठेवला आहे आणि त्या हक्काच्या जोरावर तुम्हाला अटी घातल्या आहेत. ज्या दिवशी त्याचा कॉपीराइट नाहीसा होईल, त्या दिवशी जीपीएलच्या अटीही हवेत विरतील. कॉपीलेफ्टची सारी ताकद कॉपीराइटकडून उसनी आणलेली आहे, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर पुढचे सगळे आपोआप सुटत जाते.

हा हक्क येतो कुठून? आपल्या कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा ‘साहित्यकृती’त मोडतो, म्हणजे कथा-कादंबरीच्या रांगेत बसतो, १९८४ च्या दुरुस्तीने ते स्पष्ट झाले. कलम १४ प्रमाणे त्याच्या प्रती काढणे, प्रती लोकांना देणे, त्याचे रूपांतर करणे आणि तो विकणे किंवा व्यापारी भाड्याने देणे हे हक्क फक्त मालकाचे. त्यासाठी नोंदणी लागत नाही. कोड लिहून झाला की हक्क जन्माला येतो आणि लेखकाच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षे टिकतो. लेखक परदेशी असला तरी फरक पडत नाही, कारण भारत बर्न कराराचा, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सदस्य आहे आणि कलम ४० व १९९९ चा आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेश यांमुळे सदस्य देशांतल्या कृतींना इथे इथल्यासारखेच संरक्षण मिळते. तेव्हा ‘अमेरिकेतला कागद’ हा शब्दप्रयोग अर्धाच खरा आहे. परवाना अमेरिकेत लिहिला गेला. पण तुम्ही वणीत प्रत काढून दिली, तेव्हा लागू झाला तो दिल्लीत झालेला भारतीय कायदा.

आता परवाना म्हणजे काय, ते वावराच्या उदाहरणाने सांगतो. तुमच्या वावरातून शेजाऱ्याला बंडी, म्हणजे बैलगाडी, न्यायची आहे. रस्त्याचा हक्क त्याला नाही, म्हणून तो तुम्हाला विचारतो. तुम्ही म्हणता, ‘ने, पण धुरा (बांध) फोडू नको आणि फाटक उघडे ठेवू नको.’ त्याने सही केली नाही, पैसे दिले नाहीत, स्टॅम्पपेपरही नाही. तरी तो धुरा फोडून बंडी नेऊ लागला, तर तुम्ही त्याला सांगाल की तुझी परवानगी संपली, आता तू विनापरवाना घुसला आहेस. सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५२ मधली परवान्याची व्याख्याही याच धर्तीची आहे : जी गोष्ट परवानगीवाचून बेकायदा ठरली असती, ती करण्याचा दिलेला अधिकार. जीपीएल याच जातीचा आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीचे नववे कलम साफ सांगते की प्रोग्रॅम मिळवायला किंवा चालवायला हा परवाना स्वीकारण्याची गरज नाही. पण तो बदलण्याची किंवा पुढे देण्याची परवानगी या परवान्याशिवाय दुसऱ्या कशातूनही मिळत नाही. म्हणजे ‘मी सही कुठे केली?’ हा बचाव उलटा अंगावर येतो. परवाना स्वीकारला नाही म्हणाल, तर मग प्रती कोणत्या अधिकाराने विकल्या, याचे उत्तर द्यावे लागेल.

उपमा एका जागी अपुरी पडते, तेही सांगून ठेवतो. वावरातली परवानगी एका माणसापुरती असते. इथे मात्र प्रत ज्याच्या हातात जाते त्याला मूळ लेखकाकडून आपोआप तीच परवानगी मिळते, आणि ती अडवण्याचा अधिकार मधल्या माणसाला, म्हणजे तुम्हाला, नाही. अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली, १९९१ मध्ये दुसरी, २००७ मध्ये तिसरी. या सगळ्या काळात गाभा एकच राहिला की मिळालेले स्वातंत्र्य पुढच्याला द्यायचे, त्यातून काही कापून ठेवायचे नाही. तिसऱ्या आवृत्तीत शब्दही मुद्दाम असे योजले आहेत की ते कोणत्या एका देशाच्या कायद्याला चिकटू नयेत. ‘लागू असलेल्या कॉपीराइट कायद्याखाली जे परवानगीवाचून केले तर उल्लंघन ठरेल ते’ अशी व्याख्या करून मोजमाप त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले आहे.

आता तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांकडे येतो. सोर्स कोड द्यावा लागेल, पण साऱ्या जगाला नाही. जीपीएलची जबाबदारी प्रोग्रॅम बदलला म्हणून सुरू होत नाही. प्रत दुसऱ्याच्या हाती दिली की सुरू होते. घरी बसून तुम्ही त्यात कितीही फेरफार केले असते आणि तो फक्त स्वतःच्या दुकानात चालवला असता, तर कोणाला एक ओळही दाखवण्याचे कारण नव्हते. तुम्ही प्रती तीन जिनिंगना दिल्या. म्हणून त्या तिघांना, ज्या आवृत्तीची प्रत त्यांच्याकडे आहे तिचा पूर्ण सोर्स कोड मिळाला पाहिजे. इंटरनेटवर सार्वजनिक ठिकाणी टाकण्याची सक्ती नाही. पण त्या तिघांपैकी कोणी तो टाकला, तर त्याला अडवताही येणार नाही. या दोन वाक्यांतला फरक बारीक वाटतो, मात्र माझ्याकडे येणारे निम्मे लोक त्याच फटीत अडकलेले असतात.

व्याह्याचा मामला यातूनच उलगडतो. जिनिंगमालकाने तुमची प्रत व्याह्याला दिली, ती त्याच्या अधिकारातच दिली. तुमच्या करारातले ‘दुसऱ्या संगणकावर टाकू नये’ हे कलम जीपीएलच्या दृष्टीने ‘जादा निर्बंध’ ठरते, आणि असा निर्बंध प्रत घेणाऱ्याने झुगारला तरी चालतो, असे तिसऱ्या आवृत्तीच्या सातव्या कलमात आहे. व्याह्याकडून वसुली विसरा. गंमत अशी की प्रत पुढे दिल्यामुळे त्या जिनिंगमालकावरही तीच जबाबदारी आली : व्याह्याला सोर्स कोड देण्याची. तो त्याने आणायचा कुठून? तुम्ही त्याला दिलेलाच नाही. तुमच्या एका चुकीने तुमचे गिऱ्हाईकही अडचणीत आले, आणि त्याने कोड मागितला तो कदाचित याच कारणासाठी असेल. त्याच्यावर रागावण्याआधी हे एकदा मनात घोळवा.

पैशाच्या कलमाबद्दल बारकाईने बोलायला हवे, कारण तिथे चूक आणि बरोबर यांत एका शब्दाचे अंतर आहे. जीपीएलखालचा प्रोग्रॅम विकता येतो. प्रतीची किंमत शून्य ठेवा नाहीतर पन्नास हजार, परवाना आडवा येत नाही. बसवून देणे, शिकवणे, हंगामात धावून येणे, सुधारणा करून देणे या सगळ्याचे पैसे घेता येतात. घेता येत नाहीत ते परवान्याने दिलेले हक्क वापरण्याचे. म्हणजे ‘वार्षिक देखभाल शुल्क, न भरल्यास मी येणार नाही’ हे कलम चालते. ‘वार्षिक परवाना शुल्क, न भरल्यास प्रोग्रॅम वापरू नये’ हे चालत नाही, कारण प्रोग्रॅम चालवण्याचा आणि पुढे देण्याचा हक्क त्या माणसाला तुमच्याकडून नव्हे तर मूळ लेखकाकडून मिळाला आहे. दुसऱ्याच्या मक्त्याच्या वावराचा मक्ता आपण वसूल करू नये, इतके साधे आहे ते. तारीख उलटली की प्रोग्रॅम बंद पडावा असे कुलूप तुम्ही आत बसवले असेल, तर घेणाऱ्याला ते काढून टाकण्याचाही हक्क आहे. जीपीएलच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे अशा कुलपाच्या आधारे कायद्याचा धाक दाखवण्याचा अधिकार तुम्ही प्रत देताक्षणी सोडलेला असतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, पण मला ती सर्वांत जास्त खटकली : ‘स्वतःच्या नावाने विकला.’ पहिल्या पडद्यावर तुमच्या दुकानाचे नाव आणि फोन टाकणे यात गैर काही नाही. परंतु फाइलींच्या डोक्यावरची मूळ लेखकांची नावे आणि परवान्याची सूचना पुसली असेल, तर ते परवान्याचे उल्लंघन आहेच, शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मधला लेखकाचा विशेष हक्कही दुखावतो. हा हक्क कॉपीराइट विकल्यानंतरसुद्धा लेखकाकडेच राहतो. नावे परत लावा. तुम्ही बदल केल्याची नोंद आणि तारीखही लावा. तीही परवान्याची अट आहे.

आता काट्याचा भाग, कारण तुमची खरी मेहनत आणि खरी भीती तिथे आहे. मी स्वतः असे काटाघर पाहिले आहे. खिडकीशी लाल आकड्यांचा इंडिकेटर, त्याच्या पाठीतून निघालेली नऊ पिनांची केबल, संगणकावर सरकीच्या तंतूंचा थर, आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. इंडिकेटर केबलमधून सतत एकेक ओळ पाठवत असतो. त्यात वजन असते आणि आकडा स्थिर झाला की नाही याची खूण असते. प्रोग्रॅमने स्थिर आकडा उचलायचा, भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करायची आणि क्विंटलमध्ये पावती छापायची. ऐकायला सोपे, पण आकडा स्थिर होण्याआधीच उचलला गेला तर शेतकऱ्याचे किंवा जिनिंगचे नुकसान ठरलेले. तेव्हा ही मेहनत क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही.

हा भाग जीपीएलच्या कक्षेत येतो का, हे तुम्ही तो कसा जोडला यावर अवलंबून आहे. आपल्या कायद्यात रूपांतराची व्याख्या रुंद आहे : कलम २ (क) मध्ये, म्हणजे इंग्रजी कायद्यातल्या पहिल्याच व्याख्येत, कृतीची फेरमांडणी किंवा तिच्यात बदल करून केलेला कोणताही वापर रूपांतरात धरला आहे. तुम्ही मूळ प्रोग्रॅमच्या फाइलींमध्ये शिरून तिथेच केबल वाचण्याचा कोड लिहिला असेल, किंवा तुमचा भाग त्यांच्याच फंक्शनांना हाका मारत एकाच प्रोग्रॅमचा अवयव म्हणून चालत असेल, तर संपूर्ण प्रोग्रॅम एक कृती झाला आणि तो पूर्णच जीपीएलखाली द्यावा लागतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मुलांनी असेच केलेले असते, कारण तो जवळचा रस्ता असतो. याउलट, काटा वाचणारा तुमचा प्रोग्रॅम वेगळा असेल, स्वतंत्र चालत असेल, वजन एखाद्या साध्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवत असेल आणि बिलाचा प्रोग्रॅम ती फाइल वाचत असेल, तर ती दोन स्वतंत्र कामे मानायला भक्कम आधार आहे. तिसऱ्या आवृत्तीच्या पाचव्या कलमातच लिहिले आहे की एकाच डिस्कवर शेजारी ठेवल्याने स्वतंत्र काम जीपीएलखाली येत नाही, जोवर ते मूळ प्रोग्रॅमचाच विस्तार नसते आणि त्याच्याशी जोडून एक मोठा प्रोग्रॅम बनत नसतो. मात्र फक्त कायद्याला चुकवण्यासाठी एकाच कामाचे दोन तुकडे करून मध्ये फाइल ठेवली, तर न्यायालय नावाकडे नव्हे, कामाकडे पाहील. काटा वाचणारा तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणत्याही बिलाच्या प्रोग्रॅमबरोबर चालू शकतो का, असे स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ आले, तर तुम्ही बऱ्यापैकी सुरक्षित जमिनीवर आहात.

‘येणार कोण?’ या प्रश्नात मला थोडी आपल्याकडची बेफिकिरी दिसते, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. कॉपीराइटचा दावा लावण्याचा हक्क मालकाचा. जिनिंगमालक साधा परवानाधारक असल्याने तो कॉपीराइट कायद्याखाली तुमच्यावर दावा लावू शकत नाही. पण तो मूळ लेखकाला एक ईमेल नक्कीच पाठवू शकतो. शिवाय करार कायदा, १८७२ खाली तो म्हणू शकतो की नसलेले हक्क आपले म्हणून सांगून तुम्ही त्याला करारात बांधले. आता लेखक. अशा प्रोग्रॅमचा मालक बहुधा एक माणूस नसतो. पंचवीस-तीस लोकांनी तुकडे लिहिलेले असतात आणि ज्याने हक्क दुसऱ्याला लिहून दिलेला नाही तो आपापल्या तुकड्याचा मालक असतो. त्यांतला एखादा पुण्यात किंवा बेंगळुरूत नोकरी करत असेल. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे फिर्यादीला आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. म्हणजे त्याने वणीला येण्याची गरज नाही. तारखेला रेल्वेत बसून तुम्हालाच तिकडे जावे लागेल.

न्यायालये अशा परवान्यांना गांभीर्याने घेतात का, अशी शंका पूर्वी घेतली जाई. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएल न पाळणाऱ्या एका राउटर कंपनीला मनाई केली. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयापुढे छंदाच्या छोट्या रेल्वे चालवणाऱ्या एका मुक्त प्रोग्रॅमचे प्रकरण आले. परवाना जीपीएल नव्हता, दुसरा होता, पण प्रश्न हाच होता की अट मोडणे हा केवळ करारभंग की कॉपीराइटचे उल्लंघन. न्यायालयाने अटींना परवानगीच्या अटीच मानले. त्या मोडून प्रती काढल्या तर कॉपीराइटचा दावा चालतो असे ठरवले. आपल्या न्यायालयांवर हे निकाल बंधनकारक नाहीत, पण तर्क आपल्या कायद्याला परका नाही, कारण कलम ५१ मध्येही ‘दिलेल्या परवान्याच्या अटींचा भंग करून’ केलेल्या कृत्याला उल्लंघन म्हटले आहे. दिवाणी बाजूने मनाई, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब मागता येतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. तुमच्या जागी बसलेल्या माणसावर पोलीस आलेले मी पाहिलेले नाहीत. पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द ध्यानात घ्या. हे उत्तर वाचल्यानंतर तुम्हाला अजाणतेपणाचा आधार उरत नाही.

सुदैवाने तिसरी आवृत्ती माणसाला सावरायला वेळ देते. दुसऱ्या आवृत्तीत अट मोडली की परवाना आपोआप संपायचा आणि तो परत मिळण्याची वाटच लिहिलेली नव्हती. तिसऱ्या आवृत्तीत तुम्ही उल्लंघन थांबवले की परवाना तात्पुरता परत मिळतो, आणि थांबवल्यापासून ६० दिवसांत मालकाने कळवले नाही तर कायमचा मिळतो. मालकाची पहिलीच नोटीस आली असेल आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्ही चूक दुरुस्त केली, तरीही तो कायमचा परत मिळतो. तुमच्यापर्यंत नोटीस आलेली नाही. म्हणजे आज सुधारणे सर्वांत स्वस्त आहे.

सुधारायचे म्हणजे नेमके काय? तिन्ही जिनिंगना एकेक पेनड्राइव्ह द्या. त्यात त्यांच्याकडे चालू असलेल्या आवृत्तीचा पूर्ण सोर्स कोड, तो बांधण्यासाठी आणि बसवण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्ट, जीपीएलचा संपूर्ण मजकूर आणि तुमच्या बदलांची नोंद असू द्या. ‘मागाल तेव्हा देईन’ असा लेखी प्रस्ताव देण्याचाही मार्ग परवान्यात आहे, पण तो किमान तीन वर्षे आणि तुम्ही देखभाल करत राहाल तोवर पाळावा लागतो; आपल्याकडे फोन नंबर बदलतात, दुकाने हलतात, म्हणून मी पेनड्राइव्हच सुचवतो आणि पोच घ्यायला सांगतो. सोबत एक पत्र द्या की करारातली ती दोन कलमे रद्द समजावीत आणि पुढचे वार्षिक पैसे देखभालीचे आहेत. कोड अर्धवट देऊ नका. एकाने मला दाखवलेल्या ‘सोर्स कोड’मध्ये पावती छापण्याची फाइलच नव्हती, विचारल्यावर म्हणाला, ती दिली तर माझ्याकडे काय उरेल.

तुमचीही भीती तीच आहे, म्हणून व्यवहाराचे बोलतो. एका पतसंस्थेला सॉफ्टवेअर देणारा माणूस गाव सोडून गेला. कोड त्याच्याकडे, खातेदारांच्या नोंदी त्या प्रोग्रॅमच्या पोटात, आणि नव्या माणसाला सगळे पुन्हा टंकावे लागले. ते पाहिलेल्या संचालकांनी पुढच्या करारात स्वतःहून विचारले की कोड आम्हाला मिळेल का. म्हणजे कोड देणे हा तुमच्या विक्रीचा मुद्दा होऊ शकतो. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागतो, रात्री अकराला काट्यावर गाड्या उभ्या असतात आणि प्रिंटर अडतो, तेव्हा जिनिंगवाला पेनड्राइव्ह उघडून बसत नाही. तो फोन करतो. त्या फोनचे पैसे तुमचे. तुमच्या दुकानाचे नावही तुमचेच राहते, कारण जीपीएलमुळे व्यापारचिन्ह कोणाला मिळत नाही. व्याह्याच्या जिनिंगने प्रोग्रॅम घेतला तरी तुमच्या नावाने तो विकता येणार नाही.

तुम्ही शेवटी विचारले आहे की हाच प्रोग्रॅम नागपूरच्या एखाद्या सर्व्हरवर ठेवून जिनिंगवाल्यांना ब्राउझरमधून वापरायला दिला तर काय. साध्या जीपीएलमध्ये नुसता दुरून वापरू देणे म्हणजे प्रत देणे नव्हे, त्यामुळे कोडची जबाबदारी येत नाही. पण मूळ प्रोग्रॅम ‘अफेरो जीपीएल’ या जीपीएलच्या भाऊबंद परवान्याखाली असेल, तर तुमचा बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही कोड मिळाला पाहिजे. परवान्याच्या नावात तो एक शब्द आहे का, ते नीट पाहा.

मालकीचा एक धागा राहिला. काट्याचा भाग लिहिताना मित्राने मदत केली, असे तुम्ही म्हणता. तो तुमचा पगारी नोकर असेल तर कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, पहिले मालक तुम्ही. ठोक रक्कम देऊन काम करून घेतले असेल तर त्याने लिहिलेल्या भागाचा मालक तोच, आणि तो भाग जीपीएलखाली द्यायला त्याची संमती लागेल. ती लेखी घ्या. हक्क पूर्णपणे स्वतःकडे लिहून घेत असाल तर मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाच वर्षांचेच धरले जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच. कलम ३० (क) मुळे हा नियम परवान्यांनाही लागतो. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असे लिहून मुदतीची अडचण आधीच मिटवली आहे. आपल्याकडचे हाताने लिहिलेले करार मात्र नेहमी इथेच फसतात.

आणि मित्राने केबल वाचण्याची जी फाइल ‘नेटवरून उचलली’, तिच्यावर कोणताच परवाना लिहिलेला नव्हता, ही गोष्ट तुम्ही फारच सहज सांगितली आहे. परवाना नसणे म्हणजे मोकळीक नव्हे. नोंदणीवाचून हक्क जन्माला येतो हे वर सांगितलेच. त्यामुळे बिनपरवान्याच्या फाइलीबाबत तुम्हाला प्रत देण्याची काहीही परवानगी नाही, आणि ती जीपीएलच्या प्रोग्रॅममध्ये मिसळून पुढे देण्याचा अधिकार तर मुळीच नाही. तिच्या लेखकाला लिहून परवानगी मागा. आठवडाभरात उत्तर आले नाही तर ती फाइल काढा आणि इंडिकेटरच्या माहितीपुस्तिकेतून ओळीचा नमुना पाहून स्वतः लिहा; हे काम शंभर ओळींच्या आत होते. पेनड्राइव्ह त्यानंतर भरा.